आंगणातच व्हते

आमच्या घरात आधी म्हशी जेवायच्या, मग माणसं. घाटघरच्या पुढं, जिथं जुन्नर तालुक्याची जमीन संपते आणि खाली एकदम कोकण दिसतं, तिथं आमची अकरा घरांची वाडी. दोन म्हशी, एक बैलजोडी आणि सहा माणसं एकाच छपराखाली. मध्ये कुडाची भिंत होती, पण ती कमरेइतकीच. त्यामुळे मी झोपायचे ती म्हशींच्या रवंथाच्या आवाजात. तो आवाज मंद झाला की आई झोपेतून उठून गव्हाणीत हात घालायची आणि म्हणायची, "सरलं." सरलं म्हणजे वैरण सरली. मग दुसऱ्या दिवशी सकाळी तिला आणि हौसाकाकीला गवताला जायचंच असायचं. अंग दुखो, ताप असो, पाव्हणे येवोत.

दिवाळीनंतर बांधावरचं गवत संपायचं, पौषात माळावरचं. त्यानंतर उरायचं ते कड्यांवरचं. डोंगराच्या उभ्या अंगाला हातभर, दोन हात रुंदीच्या पट्ट्या असतात, तिथं जनावर पोचत नाही म्हणून गवत छातीएवढं वाढतं. ते कापायला बायका जायच्या. पुरुष जात नसत. कारण विचारलं की म्हणायचे, बाई अंगानं हलकी असते, तिला कडा धरतो. खरं कारण एवढंच की गवत कापणं हे बायकांचं काम होतं, मग ते अंगणात उगवो की कड्यावर. कासोटा घट्ट मारायचा, विळा पाठीमागं खोचायचा, पायात काही घालायचं नाही. कापलेल्या गवताचा भारा बांधून खाली लोटून द्यायचा आणि मग आपण उतरायचं. मी बारा वर्षांची झाल्यावर मलाही नेऊ लागल्या. शाळा आश्रमशाळेची, पण सुट्टीत घरी आलं की वही बाजूला आणि विळा हातात.

शिकवलं ते हौसाकाकीनं. ही माझ्या धाकट्या चुलत्याची बायको. चुलता घोडेगावला हॉटेलात कामाला म्हणून गेला आणि तिकडंच दुसरा संसार मांडून बसला. काकी आमच्यातच राहिली. मूलबाळ नाही, नवरा नाही, त्यामुळे सगळ्यात अवघड जागेचं गवत तिच्या वाट्याला. असं कोणी ठरवलं नव्हतं; आपोआप झालं होतं. ती तीसेक वर्षांची असेल, काटक, दातांना मिश्री लावलेली, आणि तोंडानं फटकळ. तिचे दोन नियम होते. तीन जागा धरल्याशिवाय चौथी सोडायची नाही. आणि दगडावर भार टाकायच्या आधी विळ्याच्या मुठीनं तो वाजवून बघायचा. भरीव दगड ठक्क वाजतो. पोकळ दगड मडक्यासारखा बोलतो. त्याला हात लावायचा नाही, तो कितीही मोठा दिसो. मी आजही माझ्या रोपवाटिकेत कुंडी उचलायच्या आधी ती बोटानं वाजवते. गिऱ्हाइकं हसतात.

आणखी एक गोष्ट होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही. कड्यावरून आलेल्या बाईनं थेट घरात जायचं नाही. दारात उभं राहायचं. घरातली दुसरी बाई पाण्याचा तांब्या घेऊन यायची आणि विचारायची, "कड्याव गेली व्हतीस?" त्यावर म्हणायचं, "न्हाई, आंगणातच व्हते." मग पायांवर पाणी पडायचं आणि मग उंबरा ओलांडायचा. पाणी पडेपर्यंत 'गेले होते' असं बोलायचं नाही. कडा ऐकत असतो, त्याला कळलं की आपल्या अंगावर कोण चढलं, तर पुढच्या खेपेला तो ठेवून घेतो. माझ्या जन्माआधी भागी नावाची एक बाई दारात हसत म्हणाली होती म्हणे, "गेले व्हते तर, पार वरपावत गेले," आणि आठ दिवसांत कड्यावरून पडून गेली. ती गेली ती पहाटेच्या दवामुळं. दगड ओला होता. हे आईलाही ठाऊक होतं. तरी तांब्या कधी चुकला नाही. मी चार वर्षं दर खेपेला ते वाक्य म्हणत होते. तोंडाला त्याची इतकी सवय झालेली की प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर बाहेर पडायचं.

ज्या वर्षाचं मी सांगते आहे, त्या वर्षी मी दहावीची परीक्षा एकदा देऊन गणितात आपटले होते आणि घरी बसले होते. वैशाखात लग्न उरकायचं असं ठरलं होतं. मुलगा आंबेगावच्या डोंगराकडचा, जीपवर ड्रायव्हर. वाईट नव्हता. पुढं तीस वर्षं त्याच्याशी संसार केला, तेव्हा त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तेव्हा मला त्याचं नाव ऐकलं तरी जेवण जात नसे. माझं वय सोळा, आणि त्या वाडीतून बाहेर जायची एकच वाट दिसत होती, ती दुसऱ्या वाडीत जाणारी.

माघात पुण्याचे गिर्यारोहक आले. आमच्या वाडीच्या पश्चिमेला कणगी नावाचा सुळका आहे. धान्याच्या कणगीसारखा खाली रुंद, वर निमुळता, आणि कोकणाकडच्या बाजूनं सरळ तुटलेला. त्याच्या खांद्यापर्यंत आम्ही गवताला जायचो. खांद्यापासून माथ्यापर्यंत कोणी गेलं नव्हतं, कारण जायची कोणाला गरज नव्हती. हे चौघं मात्र तेवढ्यासाठीच आलेले. म्होरक्या सुधीरदादा, दोन तरुण मुलं आणि शर्वरी नावाची मुलगी. ती माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी, कॉलेजात शिकणारी, पँट घातलेली. वाडीतल्या म्हाताऱ्या तिला बघायला आमच्या पडवीत येऊन बसत आणि ती तिथं असतानाच तिच्याबद्दल बोलत. "बाप बरा पाठवतो गं हिला," एक म्हणाली. "पाठवत न्हाई, पळून आली आसंल," दुसरी म्हणाली. शर्वरी हसली. मला ती आवडली. हे मी आज मुद्दाम लिहिते, कारण पुढचं वाचून कोणाला वाटेल की मला ती पहिल्यापासून सलत होती. तसं नाही.

त्यांचा मुक्काम आमच्याच पडवीत. आई नाचणीच्या भाकरी थापायची, वरईचा भात, खुरासणीची चटणी, कधी सुकटीचं कालवण. सुधीरदादा प्रत्येक घासाला "वा, वा" म्हणायचा. हौसाकाकी वाढताना म्हणाली, "पावणं, भाकरी कमी खावा, न्हाईतर दोर तुटंल." तो खो खो हसला. माणूस तसा हसतमुख होता. दोन दिवस ते खांद्यावरून सरळ वर जाणाऱ्या भेगेत लोखंडी खिळे ठोकत होते. ठोकलेला खिळा संध्याकाळपर्यंत हातात यायचा. दुसऱ्या दिवशी एक मुलगा आठ-दहा फूट घसरला, दोरानं वाचला, गुडघा सोलून निघाला. आम्ही दोघी पलीकडच्या पट्टीवर गवत कापत होतो. काकीनं विळा थांबवला आणि ओरडली, "आवं पावणं, तो दगड पोकळ हाय! दोन दिस झालं आयकतेय मी, मडक्यावानी वाजतोय. तुमाला ऐकू येत न्हाई व्हय?"

सुधीरदादानं विचारलं, "मग कुठून जायचं, काकू?"

"मला काय ठाव? मी कशाला जातेय वर? वानरं कुठनं जात्यात ते बघा की. त्यांना तर कुनी शिकवलं न्हाई."

वानरं उजवीकडच्या धारेवरून जायची, कोकणाच्या तोंडावरून. तिथं एक तिरकी पट्टी होती, पायाच्या रुंदीची, आणि तिच्या टोकाला तीन पुरुष उंचीची भिंत. खाली दोन हजार फूट काही नाही. ती बाजू शहरातल्या माणसाला दिसली तरी तिकडं जावंसं वाटणार नाही. आम्हाला त्या बाजूचं काही वाटायचं नाही, कारण आम्ही खाली बघायचो ते भारा कुठं पडला एवढंच बघायला.

त्या संध्याकाळी जेवताना सुधीरदादानं ती गोष्ट काढली. उत्तरेकडं, बर्फाच्या डोंगरात, मुलींसाठी महिनाभराचं शिक्षण असतं. जाण्यायेण्याची, राहण्याची सोय सगळी त्यांची. त्यांच्या मंडळाला या वर्षी एक मुलगी पाठवता येणार होती. तो म्हणाला, "कणगीवर पहिली पोचणारी बाई जी असेल, तिला पाठवायचं. काय गं शर्वरी? काय गं इंदू?" असं म्हणून त्यानं आमच्या दोघींकडं बघितलं. शर्वरीनं हसून मान हलवली. मी भाकरीचा तुकडा तसाच हातात धरून बसले. थट्टेत बोलला असेल, पण आमच्याकडं जेवणाच्या पानावर बसून बोललेलं थट्टा धरत नाहीत. मी रात्रभर आढं बघितलं, भिंत बघितली, वडिलांचं तोंड बघितलं, आणि सकाळी अंगण झाडायच्या आधी बाला विचारलं. वडिलांना आम्ही बा म्हणायचो.

"लगीन ठरलंय," बा म्हणाला.

"एकच म्हैना हाय. वैशाखाच्या आत येते."

त्यानं बराच वेळ तंबाखू मळली. "तोंडाच्या गोष्टीवर मी पोरगी धाडत न्हाई. पेपरात नाव छापून येऊ दे. सोयऱ्याला दाखवाया माझ्यापाशी कायतरी पायजे. छापून आलं तर बघू."

माझ्या बापाच्या तोंडून 'बघू' म्हणजे होकारच. तो छापलेल्या अक्षराला भिऊन होता, जसा आम्ही कड्याला. जुन्नरहून एक पेपरवाला त्याच दिवशी येणार आहे हे सुधीरदादानं आधीच सांगितलेलं. म्हणजे मला दोनच गोष्टी करायच्या होत्या. माथ्यावर जायचं आणि खाली येऊन नाव सांगायचं. यातलं अवघड कुठलं, हे मला तेव्हा उलटं कळलं होतं.

त्या तिसऱ्या दिवशी वानरांची वाट धरायला आम्ही सगळे, काकी आणि मीही, खांद्यावर गेलो. सुधीरदादा काकीच्या कमरेला दोर बांधायला लागला तर तिनं त्याचा हात झटकला. "दावं जनावराला बांधत्यात. मी न्हाई बांधून घेनार." मग दोराचं टोक माझ्या कमरेला बांधलं. असं ठरलं की काकीनं पुढं वाट बघायची, मी मागून दोर न्यायचा, माथ्यावर एखाद्या भक्कम दगडाला गुंडाळायचा आणि मग बाकीच्यांनी त्या दोरावर यायचं. तिरकी पट्टी आम्ही पोट कड्याला लावून, सरकत पार केली. भिंतीशी काकी थांबली. विळ्याची मूठ दगडांवर वाजवत राहिली. ठक्क, ठक्क, मडकं, ठक्क. मग जिथं ठक्क वाजलं तिथं हात, तिथं पाय. मी तिच्या टाचांकडं बघत होते. टाचांना भेगा होत्या आणि त्या भेगांत दगडाची धूळ. दोन पुरुष उंचीवर माझा उजवा पाय थरथरायला लागला, आपोआप, शिवणयंत्रासारखा. काकीनं खाली न बघता सांगितलं, "टाच खाली दाब. थरथर टाचंत ऱ्हात न्हाई." दाबली. थांबली. पुढं अनेक वर्षांनी एका गिर्यारोहण शिकवणाऱ्या माणसानं माझ्या रोपवाटिकेत झेंडूची रोपं घेताना हेच सांगितलं, जणू त्याचा शोध होता.

माथा म्हणजे आमच्या पडवीएवढी जागा. वारा एवढा की बोललेलं तोंडात परत यायचं. आणि गवत. कमरेएवढं, पिवळं, कधी कोणी न कापलेलं. काकीनं सगळीकडं एकदा बघितलं. कोकण बघितलं, नाणेघाटाकडची धार बघितली, आमच्या वाडीची अकरा छपरं बघितली, आणि म्हणाली, "इंदे, दोन भारं निघत्याल हितनं. वाया चाललंय." मी दोर म्हैस बांधतात तसा दगडाला दोन वेढे घालून बांधला आणि ओढून बघितला. मग खालून एकेक जण वर आला. आधी सुधीरदादा, मग शर्वरी, मग ती दोन मुलं. शर्वरी वर आल्या आल्या माझ्या गळ्यात पडली आणि रडली. सुधीरदादानं झेंडा काढला. फोटोच्या वेळी तो आम्हाला म्हणाला, "तुम्ही दोघी तेवढा दोर धरा हं, सुटायला नको." आम्ही दोर धरून बाजूला बसलो. बांधलेला दोर धरायची गरज नव्हती. मला ते तेव्हा सुचलं नाही. मग त्यानं खिशातून कागद काढून पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं, पत्र्याच्या डब्यात घातलं आणि डबा दगडांखाली ठेवला. ती त्यांची रीत. मी पुढच्या महिन्याचा, बर्फाचा विचार करत होते. बर्फ म्हणजे मी एकदा ओतूरच्या यात्रेत गोळेवाल्याकडं बघितलेला.

उतरायला दुपार झाली. सुळक्याच्या पायथ्याशी अर्धी वाडी जमलेली. सरपंच होते, बा होता, जुन्नरचा पेपरवाला होता, गळ्यात कॅमेरा आणि हातात वही. आणि आई, पाण्याचा तांब्या घेऊन. ती एवढी लांब पाणी घेऊन आली होती, कारण खांद्यापर्यंत गेलेल्या बाईची ती दारात वाट बघायची, पण माथ्याचा तिला भरवसा नव्हता. पेपरवाल्यानं आधी सुधीरदादाला विचारलं, मग शर्वरीला. मग त्याची नजर माझ्याकडं वळली. माझ्या अंगाला दोराचे वळ होते, कोपर सोललेलं होतं. आई माझ्यापासून दोन पावलांवर, तांब्या पुढं धरलेला. पेपरवाला म्हणाला, "आणि तू गं? तूही गेली होतीस कड्यावर?"

मी म्हणाले, "न्हाई, आंगणातच व्हते."

सगळे हसले. सरपंच तर मांडीवर थाप मारून हसले. "ल्येकी, आंगण लई उंच हाय की तुझं!" वाडीतल्या माणसांना कळलं होतं मी तसं का म्हणाले. पेपरवाल्याला कळलं नाही. त्यानं वही मिटली. तेवढ्यात माझ्या पायांवर पाणी पडलं, आणि पाणी पडलं तसं मी ओरडले, "गेले व्हते! मीच दोर नेला! काकी म्होरं व्हती, मी मागं!" पण सरपंचांनी पाव्हण्यांना चहाला घराकडं वळवलं होतं. शर्वरी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "अगं, असं का म्हणालीस?" मला तिला सांगताच आलं नाही. मग तीही गेली. मी सुधीरदादाकडं धावले. तो खाली बसून दोर गुंडाळत होता.

"दादा, तुमी सांगा त्यांना."

"सांगतो, सांगतो," तो दोराकडंच बघत म्हणाला. "पुण्याला गेलो की सविस्तर लिहून देतो. तू काळजी करू नकोस."

हौसाकाकीला कोणी काही विचारलंच नाही, त्यामुळे तिला नाही म्हणायची वेळ आली नाही.

जाताना शर्वरीनं तिचे कॅनव्हासचे बूट मला दिले. एक नंबर लहान होते. आई ते घालून गोठ्यातलं शेण काढायची.

पेपर आठ दिवसांनी घाटघरहून मास्तरांबरोबर आला. बानं तो आधी स्वतः उलटासुलटा करून बघितला, मग माझ्या हातात दिला. फोटो होता, झेंडा होता, चार नावं होती. शर्वरी ही कणगी सुळका सर करणारी पहिली महिला, असं ठळक अक्षरात होतं. बा म्हणाला, "तुझं नाव कुठंय?" मी म्हणाले, नाही. त्यानं पेपर घडी करून कोनाड्यात ठेवला. रागावला नाही. त्याला उलट बरंच वाटलं असावं. सोयऱ्याला काही सांगायची कटकट गेली.

मी सुधीरदादाला पत्र लिहिलं. आश्रमशाळेच्या गुरुजींकडून पत्ता घेतला, चार पानं लिहिली, तांब्याचं, उंबऱ्याचं, भागीचं सगळं लिहिलं. तीन आठवड्यांनी पोस्टकार्ड आलं. अक्षर सुंदर होतं. त्यानं लिहिलं होतं की तुझ्या भावना समजू शकतो, पण तू स्वतःच सर्वांसमोर 'नाही' म्हणालीस, आता बातमी बदलली तर शर्वरीवर अन्याय होईल आणि मंडळाचीही अडचण होईल. तुझ्यासारख्या धाडसी मुली डोंगराची शान आहेत. शुभेच्छा. मी ते कार्ड कितीतरी वेळा वाचलं आणि प्रत्येक वेळी मला माझ्याच जिभेचा राग आला. आईशी मी पंधरा दिवस बोललेच नाही, पुढंही तुटकच. तिनं तांब्या थोडा उशिरा आणला असता तर? ती आलीच नसती तर? आईनं एकदाच सांगितलं, "मी तुझ्या पायावं पानी घातलं. तुला जित्ती बघून घातलं." त्यावर मी आणखी चिडले.

शर्वरीनं पुढं खूप केलं. ती बर्फात गेली, मोठ्या शिखरांवर गेली, मुलींच्या तुकड्या घेऊन गेली. मागच्या महिन्यात माझ्या सुनेनं मोबाईलवर कुठलीशी यादी दाखवली, साहस करणाऱ्या बायकांची. त्यात ती होती, पांढरे केस, छान दिसत होती. सुरुवातीलाच कणगीचं नाव होतं. सून म्हणाली, "आत्या, ही तर तुमच्याच गावाकडं चढलेली." मी म्हटलं, हो, चांगली चढायची. ते खोटं नाही. तिच्या जागी मी असते तर मी काय केलं असतं, हे मी स्वतःला अनेकदा विचारलं आहे, आणि दर वेळी मला आवडेल असं उत्तर मिळालेलं नाही. मग गिऱ्हाईक आलं, निरगुडसरचा माणूस होता, मिरचीच्या रोपांचे ट्रे मोजून द्यायचे होते. मी उठले.

पण त्या यादीमुळं मला चैत्रातला तो दिवस आठवला, आणि तो सांगण्यासाठीच हे प्रकरण लिहायला बसले.

लग्नाला महिना उरला होता. वैरण संपत आली होती. काकी म्हणाली, "कनगीच्या डोक्यावं दोन भारं पडून हायेत. येतीस का?" दुसरं कोणी असतं तर वेडी म्हटलं असतं. मला मात्र वर जायचं कारण हवंच होतं. आम्ही सकाळी निघालो, दोर नाही, काही नाही. पट्टी पार केली, भिंत चढलो. या वेळी पाय थरथरला नाही. माथ्यावर पोचल्यावर काकीनं पदर खोचला आणि थेट गवताला लागली, जणू बांधावरच उभी आहे. मी दगड बाजूला करून तो पत्र्याचा डबा काढला.

कागद कोरडा होता. वर तारीख, मंडळाचं नाव. त्याखाली चार नावं, एकाखाली एक. शर्वरीच्या नावापुढं कंसात लिहिलं होतं, प्रथम महिला. आणि सगळ्यात खाली, थोडं अंतर सोडून, त्याच सुंदर अक्षरात : स्थानिक मदतनीस, दोन.

हे त्यानं इथं लिहिलं होतं. माझ्यापासून तीन हातांवर बसून, वाऱ्यात कागद गुडघ्यावर दाबून. पेपरवाल्यानं मला विचारायच्या तीन तास आधी. म्हणजे मी खाली जे बोलले त्यानं काहीच बदललं नव्हतं. मी छाती ठोकून 'हो, गेले होते' म्हटलं असतं तरी तो म्हणाला असता, हो, आमची मदतनीस होती. माझी जीभ, आईचा तांब्या, भागीची गोष्ट, यातलं काही आड आलं नव्हतं. मी दोन महिने ज्या आईशी धड बोलले नव्हते, तिचा यात काडीचा संबंध नव्हता.

काकी कापता कापता थांबली. तिला वाचता येत नव्हतं. "काय लिवलंय गं?"

"नावं हायेत."

"कुनाची?"

मी कागदाकडं बघितलं. म्हणाले, "पहिलं तुझं. मग माझं. मग त्यांची."

ती विळा हातात धरून तशीच उभी राहिली. मिश्रीनं काळे झालेले दात दिसले एवढी हसली. तिला मी असं हसताना त्याआधी बघितलं नव्हतं, नंतरही नाही. "खरं?" म्हणाली. मग लगेच तिनं तोंड नीट केलं. "मंग आता तुला न्हेत्याल की त्या बर्फात. नाव लिवलंय म्हनल्याव न्यावंच लागंल."

"न्हेत्याल," मी म्हणाले.

"बाला सांग तुझ्या. लगीन काय, फुडल्या साली बी व्हईल." आणि ती परत वाकून कापायला लागली, आता जरा जोरात.

डब्यात पेन्सिलीचा तुकडा होता, टोक केलेला. खोडायला आणि लिहायला मला दोन मिनिटंही लागली नसती. तिथं अडवायला कोणी नव्हतं. पण डबा त्यांचा होता, कागद त्यांचा होता, आणि लोकांच्या वस्तूला हात लावू नये असं मला घरात आणि शाळेतही शिकवलेलं. मी कागदाची आधी होती तशीच घडी घातली. डब्यात ठेवला. पावसाळ्यात पाणी शिरून अक्षर जाऊ नये म्हणून झाकण दगडानं ठोकून घट्ट बसवलं, आणि मग भारा बांधायला काकीच्या मदतीला गेले.